आत्यांना शॉक द्यायचा का?

पत्र

डॉक्टर, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. घरची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. वय ६१. हंगामात शेडवरच्या सगळ्या बायका त्यांच्या शब्दावर काम करायच्या. गेल्या दिवाळीपासून त्या हळूहळू बोलेनाशा झाल्या. आधी झोप गेली, मग जेवण. आता म्हणतात, आपल्यावर कर्ज झालंय, बँकेची माणसं जप्तीला येणार आहेत. माझी आतडी वाळलीत, अन्न जायला वाटच नाही. कर्ज कसलंही नाही, सोसायटीचंसुद्धा वेळेवर भरलंय. मिरजेच्या डॉक्टरांनी दोन वेगवेगळी औषधं देऊन पाहिली. गेले आठ दिवस त्या दिवसाला दोन घोट चहा आणि गोळी गिळण्यापुरतं पाणी घेतात. डॉक्टर म्हणतात, ॲडमिट करून शॉक देऊ. नणंदबाई कोल्हापूरहून आल्या आणि म्हणाल्या, माझ्या आईला शॉक दिलात तर माझ्याशी गाठ आहे. पुण्याचे दीर म्हणतात, इकडे चुंबकाची ट्रीटमेंट आहे, शॉकपेक्षा भारी, साइड इफेक्ट नाही, फळछाटणी उरकली की घेऊन या. ह्यांना काही सुचत नाही. आत्या सगळं विसरतील का? आम्हाला ओळखतील का? आणि भावकीत बोलतात की सुनेनं छळलं म्हणून सासू अशी झाली.
– एक सून, तासगाव तालुका

उत्तर

ताई,

तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत, पण सगळ्यात गंभीर गोष्ट प्रश्न म्हणून विचारलेलीच नाही. एकसष्ट वर्षांची बाई आठ दिवस दोन घोट चहावर आहे. म्हणून पत्र मिळालं त्याच दिवशी संपादकांकरवी तुम्हाला निरोप पाठवला, की आधी ॲडमिट करा, शॉकचं नंतर बघू. केलं असेल तर उत्तम. नसेल तर वाचन इथेच थांबवा आणि गाडी काढा. छाटणी, अमावास्या, दिरांची सुट्टी, यातलं काही आड येऊ देऊ नका. लघवी कमी झाली असेल, जीभ कोरडी पडली असेल, उठवल्यावर झोक जात असेल किंवा गुंगी वाटत असेल, तर रात्र असली तरी निघायचं. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांनी वयस्कर बायकांच्या रक्तातलं सोडियम उतरतं आणि उपाशीपोटी ते आणखी अंगावर येतं. त्यामुळे सलाईन लावायच्या आधी रक्त तपासतील. थायरॉइड आणि बी-१२ झालं नसेल तर तेही करून घ्या.

दुसरी गोष्ट तुमच्या ह्यांनी आजच करायची. बागेच्या फवारणीची, पेस्टिंगची, जी काही औषधं घरात किंवा पडवीत असतील, ती हलवून कुलपात घालायची आणि किल्ली एकाच माणसाच्या खिशात राहील असं बघायचं. आत्या 'मरून जाते' असं कधी म्हणाल्या की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणाल्या नसल्या तरी हे करायचंच. 'आता जप्ती येणार' या खात्रीत जगणारं माणूस एकटं सोडायचं नसतं. रात्री-बेरात्री काही सुचेनासं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे. तिथे चोवीस तास माणूस असतो आणि मराठीत बोलता येतं.

आता मूळ मुद्दा. मी आत्यांना तपासलेलं नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलंय आणि त्यांचा आजार जवळून पाहिलाय, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा. पण तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरूनसुद्धा त्यांनी शॉकचं नाव का काढलं ते कळतं.

आत्यांचं नैराश्य 'कशात मन लागत नाही' या जातीचं राहिलेलं नाही. नसलेलं कर्ज, जप्ती, वाळलेली आतडी हे भ्रम आहेत. तीव्र नैराश्यात भ्रम आले की ते बहुधा ठरलेल्या वाटांनीच येतात: मी कंगाल झाले, मी पापी आहे, माझं शरीर आतून संपलंय. १८८० साली पॅरिसमध्ये ज्यूल कोटार नावाच्या डॉक्टरांनी एका बाईची हकिगत मांडली होती. ती म्हणायची, मला मेंदू नाही, पोट नाही, आतडी नाहीत, नुसती कातडी आणि हाडं आहेत, मला अन्नाची गरजच काय! तुमच्या आत्या आणि ती बाई यांच्यात जवळजवळ दीडशे वर्षं आहेत, भाषा वेगळी, देश वेगळा, तरी गाऱ्हाणं तेच. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण भावकीतल्या बोलण्याचं उत्तरही त्यातच आहे. त्याकडे शेवटी येते.

तुम्ही पासबुक दाखवलं असणार, सोसायटीचा दाखलाही दाखवला असणार. काही उपयोग झाला नसेल, होतही नाही. यापुढे वाद घालू नका. 'बरं आत्या, आम्ही बघतो' एवढं म्हणायचं आणि पेला पुढे करायचा.

भ्रम आहेत, खाणंपिणं तुटलंय, वय साठीपुढचं आहे. अशा पेशंटला ईसीटी, म्हणजे आपण ज्याला शॉक म्हणतो तो उपचार, सगळ्यात चांगला आणि सगळ्यात लवकर लागू पडतो. याला दुसरा रस्ता आहे: नैराश्याची गोळी आणि भ्रमाची गोळी एकत्र देण्याचा. चांगला रस्ता आहे, मीही वापरते. पण गोळ्यांचा गुण दिसायला आठवडे जातात, आणि तोवर पेशंटने खात-पीत राहायला हवं. आत्यांकडे तेवढे आठवडे नाहीत. शॉक सौम्य की चुंबक सौम्य, हा वाद तुमच्या घरात चाललाय, तो मला त्यामुळेच बिनकामाचा वाटतो. आत्ता मोजायचा आहे तो वेळ.

नणंदबाईंची भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. शॉकच्या नावाने जे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर येतं, हातपाय बांधलेले, चारजण दाबून धरलेत, पेशंट किंचाळतोय, ते नुसतं हिंदी सिनेमातून आलेलं नाही. एके काळी ते खरंच तसं होतं. १९३४ मध्ये बुडापेस्टला लादिस्लास मेदुना या डॉक्टरांनी कापराचं इंजेक्शन देऊन मुद्दाम आकडी आणायला सुरुवात केली. त्यांची समजूत अशी, की आकडीचा आजार आणि स्किझोफ्रेनिया, म्हणजे भ्रम-भासांचा गंभीर मानसिक आजार, एकमेकांचे वैरी आहेत. समजूत चुकीची निघाली, पण पेशंट सुधारत होते. वैद्यकात असं होतं, कारण चुकतं आणि औषध टिकतं. १९३८ मध्ये रोमला चेर्लेत्ती आणि बिनी यांनी कापराऐवजी विजेने आकडी आणली. तेव्हा भूल नव्हती, स्नायू सैल करणारं औषध नव्हतं. पेशंटच्या पाठीचे मणके मोडायचे, दात तुटायचे. शिवाय त्याच दशकात मेंदूला छेद देणारी शस्त्रक्रिया निघाली. तिच्यासाठी पोर्तुगालच्या मोनिझ यांना १९४९ चं नोबेलही मिळालं आणि पुढे तिच्यामुळे हजारो माणसांची वाट लागली. लोकांच्या मनात ही दोन्ही प्रकरणं एकत्र कालवली गेलीत. आपल्याकडे तर भूलतज्ज्ञ मिळत नाहीत या सबबीवर बिनभुलीचे शॉक फार उशिरापर्यंत चालू होते. ते थांबले कायद्याने. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९५ प्रमाणे भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही. त्यामुळे नणंदबाईंनी डॉक्टरांना भांडून विचारावं असा एक प्रश्न आहेच: भूल कोण देणार? नाव सांगा. भूलतज्ज्ञ ठरलेला नसेल, ऑक्सिजन आणि मॉनिटर नसेल, तर त्या दवाखान्यात आत्यांना शॉक द्यायचा नाही. इथे मी नणंदबाईंच्या बाजूने आहे.

सगळं नीट असेल तर सकाळ कशी जाते ते सांगते, म्हणजे चित्र बदलेल. आदल्या दिवशी रक्त, ईसीजी, बीपी, लागलं तर मेंदूचा सीटी स्कॅन. हृदयाचा काही त्रास असेल तर फिजिशियनचं मत. रात्रीपासून पोट रिकामं ठेवायचं. सकाळी कवळी काढून ठेवायची, केसातल्या पिना काढायच्या, मंगळसूत्र आणि बांगड्या तुमच्याकडे. लघवी करून यायचं. हाताला सुई लावतात, छातीला आणि कपाळाला तारा चिकटवतात, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. शिरेतून भूल दिली की अर्ध्या-एक मिनिटात माणूस झोपतं. यानंतरची एक बारीक गोष्ट माझ्याकडच्या नातेवाइकांना मी नेहमी सांगते. स्नायू सैल करणारं औषध द्यायच्या आधी एका पायाच्या घोट्यावर बीपीचा पट्टा फुगवून घट्ट करतात. ते औषध सगळ्या अंगात जातं, त्या पावलात जात नाही. मग दातांमध्ये रबराचा तुकडा ठेवून डोक्याला काही सेकंद करंट देतात. मेंदूत आकडी येते, पण अंग पडून राहतं. फक्त त्या एका पावलाची बोटं थरथरत असतात. त्यावरून आणि मॉनिटरवरच्या रेघांवरून आकडी किती वेळ चालली ते डॉक्टर मोजतात. बहुधा अर्धं ते एक मिनिट. काम करते ती ही आकडी. करंट फक्त ती आणण्यापुरता. पाच-दहा मिनिटांत आत्या डोळे उघडतील. अर्धा तास गोंधळलेल्या असतील, 'मी कुठंय' म्हणतील, डोकं दुखेल, जबडा दुखेल. मग चहा-बिस्कीट.

असं आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, एकूण साधारण ६ ते १२ वेळा. खाणंपिणं बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या वेळेच्या आसपास परत येऊ लागतं, भ्रम त्यानंतर सुटतात. पहिल्या शॉकनंतर काहीच फरक दिसला नाही म्हणून पेशंट उचलून घरी नेणारी घरं मी पाहिलीत. तसं करू नका. जिवाचा धोका किती, हेही विचारून घ्या. जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तर तो एक लाख शॉकमागे दोनच्या आसपास येतो, आणि तोही बराचसा भुलीचा आणि हृदयाचा. आठ दिवस न जेवणाऱ्या बाईला घरी ठेवण्यातला धोका याच्या किती पट, ते तुम्हीच बघा.

आता विसरण्याचं. इथे कोणी 'काही होत नाही हो' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. होतं. उपचार चालू असतानाचे दिवस आत्यांना धूसर आठवतील, काही अजिबात आठवणार नाहीत. त्याआधीच्या काही आठवड्यांतलं, कधी काही महिन्यांतलंही, मधलं मधलं गळेल. नवीन गोष्ट लक्षात ठेवण्याची ताकद काही आठवड्यांत परत येते. गेलेल्यातलं बरंचसं परत येतं, पण काहींच्या काही आठवणी कायमच्या जातात. हे सह्या करण्याआधी माहीत असावं. तुम्हाला, ह्यांना, नातवंडांना त्या ओळखतील. नाव, गाव, लग्न, बाग, शेडवरच्या बायका, बेदाणा कसा निवडायचा, हे सगळं जागेवर राहतं. गेल्या उन्हाळ्यात कोणाचं बारसं झालं, कोण येऊन गेलं, ते विचारतील. सांगायचं, हसायचं नाही आणि परीक्षाही घ्यायची नाही. 'आत्या, हे आठवतंय का, ते आठवतंय का' असं दिवसातून दहादा विचारलं की माणूस घाबरतं. घरात एक वही घाला आणि या महिन्यातल्या मोठ्या घडामोडी तारखेनिशी लिहून ठेवा. डॉक्टरांना विचारा की इलेक्ट्रोड, म्हणजे करंट देणारी टोकं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावणार की एकाच. एका बाजूला लावले तर आठवणींना कमी त्रास होतो, दोन्ही बाजूंना लावले तर गुण बहुधा लवकर येतो. आत्यांची तब्येत बघता ते दोन्ही बाजू निवडतील असं मला वाटतं, पण कारण त्यांच्या तोंडून ऐका. आणि एक लक्षात घ्या, आत्ता आत्यांची स्मृती ठणठणीत आहे असं नाही. इतक्या खोल नैराश्यात नवीन काही डोक्यात शिरतच नाही.

दिरांकडे वळते. ते फसवले गेलेले नाहीत, तो उपचार खरा आहे. त्याला आरटीएमएस म्हणतात. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय लहरींनी मेंदूचा हाताचा भाग चेतवला आणि हात आपोआप हलला. तेच तंत्र पुढे नैराश्यासाठी कपाळाच्या डाव्या बाजूमागच्या भागावर वापरायला लागले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०१८ मध्ये ओसीडीसाठी, म्हणजे तेच ते विचार आणि त्याच त्या कृती सुटत नाहीत त्या आजारासाठी, अशा यंत्रांना परवानगी दिली. भूल लागत नाही. पेशंट खुर्चीत बसतो, कानात बोळे, टकटक आवाज, टाळूवर टिचक्या मारल्यासारखं वाटतं. कधी डोकं दुखतं. आकडी येण्याचा धोका हजारात एकाहूनही कमी. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात ऐकू येण्यासाठी बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर करत नाहीत. आठवणींना धक्का लागत नाही. एखादा नोकरदार माणूस औषधांनी पुरेसा बरा झालेला नाही, पण जेवतोय, बोलतोय, कामावर जातोय, अशाला मी स्वतः पाठवते.

पण आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावं लागतं. गुण हळूहळू येतो. भ्रम असलेल्या नैराश्यात ईसीटीशी त्याची बरोबरी होत नाही, हे दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दिसलंय. दिरांना त्यांच्याच भाषेत सांगा: बागेत डाउनी रोग आला असताना भुरी या दुसऱ्याच रोगाचं औषध मारत बसलो तर घड वाचत नाहीत, औषध कितीही भारी असो. उद्या आत्या खायला-प्यायला लागल्या, भ्रम गेले, थोडी उदासी मागे राहिली, तर तेव्हा आरटीएमएसचा विचार जरूर करू.

पुण्या-मुंबईकडच्या जाहिरातींबद्दल जाता जाता दोन शब्द, कारण दीर आता तेही पाठवतील. 'ब्रेन मॅपिंग करून तुमच्या डिप्रेशनची नेमकी जागा दाखवू' असं म्हणून लाल-निळी चित्रं हातात देतात आणि त्यावर पॅकेज विकतात. नैराश्याचं निदान करणारा स्कॅन किंवा मॅप आज कुठेही नाही. निदान बोलून आणि बघूनच होतं. स्कॅन काढतात तो गाठ किंवा रक्तस्राव नाही ना, हे बघायला. ऑनलाइन मिळणारी, घरी डोक्याला पट्टा लावून अगदी कमी करंट देणारी यंत्रं आत्यांसाठी घेऊ नका. त्या करंटने आकडी येत नाही, तो शॉक नव्हे, आणि इतक्या गंभीर आजारात त्याच्या भरवशावर राहता येत नाही. मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रियाही आहे. पण ती कशालाच न जुमानणाऱ्या ओसीडीसारख्या मोजक्या पेशंटसाठी. मानसिक आजारावर मेंदूची शस्त्रक्रिया करायची तर आपल्या कायद्यात पेशंटची स्वतःची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी दोन्ही लागतात. तो विषय तुमच्या घरी येणार नाही.

तुमच्या घरात मतं चार आहेत, पण कोणी विचारलंय का आत्यांना? हसू नका, कायदा हेच आधी विचारतो. आत्या भ्रमात असल्या तरी त्यांना सोप्या शब्दांत सांगायचं: खाणं सुरू व्हावं म्हणून झोपेचं इंजेक्शन देऊन उपचार करणार आहेत, चालेल का? 'करा काय ते' म्हणाल्या तरी डॉक्टर बघतील की त्यांना ते समजलंय का. समजण्याची अवस्था नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीची संमती लागते. आत्यांनी तसं कोणाला आधी नेमलेलं नसेल तर नातेवाईक. कायद्यात नातेवाईक म्हणजे रक्ताचे तसेच लग्नाने जोडलेलेही, म्हणजे तुम्हीसुद्धा. आणि आणीबाणीचा उपचार म्हणून संमतीवाचून ईसीटी देता येत नाही, कलम ९४ ते मनाई करतं. म्हणजे तुमच्या पाठीमागे कोणी परस्पर शॉक देऊन टाकेल, ही भीती ठेवू नका. ह्यांना सुचत नसेल तर सहीची जबाबदारी कोणाची हे आज रात्री घरात ठरवा.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारते. मेडिक्लेम असेल तर मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं, असं याच कायद्याचं कलम २१ विमा कंपन्यांना सांगतं. ॲडमिट करतानाच पॉलिसीचे कागद काउंटरवर द्या. विमा नसेल आणि खासगी झेपत नसेल तर मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्याला जोडलेलं सांगलीचं सिव्हिल आहे, तिथे मानसोपचार विभाग असतो. ईसीटी कोणत्या वारी देतात, तेवढं जाऊन विचारा.

आत्या सुधारल्यानंतर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही. कोणीच विचारत नाही, आणि खरं नुकसान तिथे होतं. शॉकने आजार उठतो, पण तो परत येऊ न देण्याचं काम शॉक करत नाही. २००१ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शॉकने बऱ्या झालेल्या पेशंटचे गट करून कोणाला नुसती साखरेची गोळी दिली, कोणाला नॉरट्रिप्टिलीन हे नैराश्याचं औषध, कोणाला नॉरट्रिप्टिलीन आणि त्याच्या जोडीला मनाचे चढउतार आवरणारं लिथियम. सहा महिन्यांत साखरेच्या गोळीवरचे ८४ टक्के पुन्हा आजारी पडले, एका औषधावरचे ६० टक्के, दोन्ही औषधांवरचे ३९ टक्के. आपल्याकडे काय होतं, तर बाई हसायला लागली, भाकरी थापायला लागली, की घरच्यांनाच वाटतं आता गोळ्या कशाला. सुगी येते, तपासणीची तारीख चुकते, आणि चार महिन्यांनी तीच बाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसते. मग म्हणतात, शॉकचा काही उपयोग झाला नाही.

आत्यांना लिथियम दिलं तर तुमच्या घरासाठी एक खास सूचना. रक्तातलं लिथियम ठरावीक काळाने तपासावं लागतं. अंगातलं पाणी कमी झालं की ते वाढतं. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात शेडवर दिवसभर घाम गाळायचा, पाणी विसरायचं आणि संध्याकाळी अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी गोळी आणून घ्यायची, हे लिथियम चालू असताना धोक्याचं. हात थरथरायला लागले, बोलणं जड झालं, चालताना तोल जायला लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कितीतरी पेशंट वर्षानुवर्षं लिथियम घेऊन शेती करतात, ते काही विष नव्हे. काहींना गोळ्यांसोबत महिन्या-दोन महिन्यांनी एखादा शॉक चालू ठेवावा लागतो, तोही भूल देऊनच.

नणंदबाई देवाला न्या म्हणत असतील तर न्या, पण आत्या खायला लागल्यावर, आणि पिशवीत गोळ्या ठेवून. 'बाहेरचं' बघणाऱ्याकडे उपास-तापास सांगतात, तिथे मात्र अजिबात नाही.

आता भावकी. नुसत्या जाचाने बाईची आतडी वाळत नाहीत. माणूस दुःखी होतं, रडतं, माहेरी जातं, भांडतं. आपल्या पोटात आतडीच उरली नाहीत, ही खात्री आजारच देतो. पॅरिसच्या त्या बाईलाही द्यायचा, आणि तिच्या घरी तुम्ही नव्हता. यात कुणाकुणाच्या घराण्याचा धागा असतो, वयाचा असतो, शरीराच्या बदलांचा असतो. आत्यांच्या माहेरी कोणाला असं झालं होतं का, हे नणंदबाईंना विचारा. कुणी विहीर जवळ केलेली असते, कुणी वर्षभर अंथरुणाला खिळलेलं असतं, आणि घरात त्याचं नाव काढत नाहीत. डॉक्टरांना ही माहिती हवीच असते. तुमचा अपराध काढणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. तुम्ही आत्यांच्या तोंडाजवळ दिवसातून किती वेळा पेला धरता, हे त्यातल्या कोणी मोजलेलं नाही. रात्रीचं जागरण मात्र वाटून घ्या. एक रात्र ह्यांनी, एक रात्र नणंदबाईंनी. छाटणीला मजूर मिळतात, तुमच्या झोपेला मिळत नाहीत.

नणंदबाईंना घरी ठेवून दवाखान्यात जाऊ नका. त्यांनाच पुढे बसवा आणि भूल, आठवण, इलेक्ट्रोड, लेखी संमती, नंतरच्या गोळ्या, हे सगळं त्यांच्या तोंडून विचारू द्या. दिरांना त्याच वेळी फोनच्या स्पीकरवर घ्या, म्हणजे पुन्हा वेगळी बैठक नको. त्यानंतरही दुसरं मत हवं असेल तर जरूर घ्या, पण आत्यांना सलाईन लागल्यावर, वॉर्डातूनच. बाहेरच्या डॉक्टरला फाइल दाखवता येते, त्यासाठी पेशंट हलवावा लागत नाही. जुन्या तपासण्या, चालू गोळ्यांची पाकिटं, आत्यांचं आधार कार्ड, विम्याचे कागद, चष्मा आणि कवळीची डबी एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवा.